शंभरास एक

बंदर दाखवतो म्हणून वीबे मला जंगलात नेतो.
बीचच्या झाडांखाली सिमेंटचे धक्के,
शेवाळलेले, माझ्या गुडघ्याएवढे.
काठीने तो एक पान बाजूला सारतो.
मापात धरलं तर सात मीटरचं.

इथली भरती-ओहोटी सव्वा तासात आटपायची.
लांबी शंभरावी, तर वेळ दहावा,
हे गणित त्याला झोपेतही यायचं.
प्रवाह दिसावा म्हणून कागदाच्या टिकल्या सोडायचे,
वाळूऐवजी बेकेलाइटचा चुरा,
कारण वाळू कुटत गेलं की चिखल होतो
आणि चिखल वाळूसारखा वागत नाही.
"पाणी मात्र पाणीच.
थेंब काही लहान करता येईना आम्हाला."

पानगळीत रोज सकाळी खराटा घेऊन
तो समुद्र झाडायचा.
एकदा बेडकीने गोदीत अंडी घातली.
अहवालात नोंद नाही.

"गाळ कुठे साचणार ते बरोबर सांगितलंत?"
"बोटभर चुकलो."
मग जरा थांबून,
"तिकडे खऱ्या पाण्यात बोट रुतली."

माझं प्रारूप पाठीवरच्या बॅगेत मावतं.
चाळीस मीटरचे चार लाख चौकोन,
प्रत्येकाला एक उंची, एक खरखरीतपणा,
आणि पाणी असेल तेवढं.
फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर तेच वादळ मी शंभरदा आणते,
दर वेळी वारा किंचित वळवून,
आणि मोजते.
एकोणीसदा बुडालं.

"आउक्येचं घर?" वीबे विचारतो. त्याची बहीण, माझी आत्या.
लॅपटॉप धक्क्यावर ठेवून दाखवते: निळा चौकोन.
"घर बांधाच्या अलीकडे आहे."
"बांध चौकोनाच्या मधून जातो, बाबा."
"मग घर कोरडं."
"चौकोनाला एकच उत्तर देता येतं."
तो गंजलेल्या झडपेचं चाक फिरवू पाहतो.
फिरत नाही.

रात्री आउक्येला फोन केला.
"बांध? कुठला बांध?
पाणउंदरांनी पोखरून तो कधीच खाली बसला.
वीबे इकडे फिरकलाय कधी?"

चौकोन निळाच ठेवला.
तिला विचारलं,
माळ्यावर जायला जिना आहे ना अजून,
आणि गुडघ्याचं कसं आहे.