बटणाची उंची

जानेवारीच्या तीन तारखेला चिखलीच्या शाळेत गेले.
पिशवीत टेप, टेस्टर आणि ऑफिसनं दिलेला नमुना:
प्रोजेक्टर एक, पडदा एक, टॅब बारा,
बटणं जमिनीपासून साडेचार फुटांवर.
राजारामपुरीतल्या खुर्चीत बसून
हे फार सोपं दिसतं.

मुजावर बाईंनी सातवीचा वर्ग उघडून दिला.
म्हणाल्या, "बघा तुम्ही, मी तांदूळ मोजून येते."
मी भिंतीला टेप लावला, पेन्सिलनं खूण केली.
मागून सातापा शिपाई,
"ताई, बुडंल की ते."

मग त्यानं रेघ दाखवली,
माझ्या डोक्याच्या वर वीतभर,
रंगाचे दोन हात देऊनही पिवळ्यातून वर येणारी,
कपात चहाची राहते तशी.
"ही एकोणीसची. एकवीसची ही, जरा खाली."
पंचगंगा येऊन
आधीच माप घेऊन गेली होती.

"पण इतक्या वर पोरांचा हात कसा पुरणार?"
"पोरांचा हात पुरतोय तिथं
पाणीबी पुरतंय, ताई."

मी नमुन्याचा कागद पालथा केला
आणि कोऱ्या बाजूवर लिहायला बसले.

अकरापर्यंत ऊन थेट फळ्यावर.
शेजारचं गुऱ्हाळ पेटलं की काजळी,
जाळी दर शनिवारी पुसायची.
उसाच्या मोटरी सुरू झाल्या की दाब पडतो,
पंखा फिरता फिरता विचारात पडतो.
"टॅब ठेवणार कुठं?"
"तांदळाच्या कोठीत. चांगलं कुलूप तेवढंच आहे."
"उंदीर?"
"आहेत. पण तांदूळ सोडून ते कशाला येतील?"

मधल्या सुट्टीत गावडे गुरुजी दारात उभे,
बोटांत अर्धा खडू.
"पडदा कुठं येणार?"
"फळ्यावर," मी म्हटलं. नमुन्यात तसंच होतं.
"बरं," म्हणाले, आणि खडूकडं बघत राहिले.

सुट्टी संपली. श्रावस्तीनं विचारलं,
आपली नदी वाडीच्या पुढं कुठं जाते?
गुरुजींनी पुस्तक उघडलं नाही.
प्रयागच्या संगमापासून एक रेघ ओढली,
वाडीला ती कृष्णेत घातली,
तिथून कर्नाटक, तिथून आणखी पूर्वेला,
समुद्र यायच्या आतच फळा संपला,
तर उरलेली नदी त्यांनी भिंतीवर काढली,
माझ्या पेन्सिलच्या खुणेवरून.

पोरं मान वळवत वळवत
समुद्रापर्यंत गेली.

मी पडदा बाजूच्या भिंतीवर नेला.
तिथं ऊनही येत नाही, असं कारण लिहिलं.
ते खोटं नव्हतं.

जाताना श्रावस्ती फाटकापर्यंत आली.
"टॅबातली नदी हलती असती व्हय?"
"हो."
"मग नगं," म्हणाली,
आणि थोड्या वेळानं, "नगं म्हंजे, बघू तरी."

रात्री अंदाजपत्रक पाठवलं.
बटणं सात फुटांवर.
प्रोजेक्टरला हातानं फिरणारे नट, पाना नको,
जूनच्या अखेरीस सगळं उतरवून सोनतळीला,
जबाबदारी: सातापा.
लाकडी स्टूल, एक.

सकाळी ऑफिसातून फोन:
"मॅडम, डिजिटल वर्गात स्टूल?
हे कुठल्या रकान्यात टाकायचं?"

म्हटलं, टाका की,
प्रोजेक्टरच्या वर.