छत्तीस इंची

वेंगुर्ल्यात, बंदराच्या वाटेवरच्या दुकानात
अल्मेडाकाकांनी काठी माझ्या कमरेला लावली.
"छत्तीस. सदतीस घेतलीस
तर स्वतःलाच अडखळशील."

डावखुऱ्यांची आहे?
"नसतेच. जगभर एकाच बाजूला सपाट."

बाबांनी मागून घेतली,
वल्हं जोखतात तशी दोन बोटांवर तोलली,
वाकडं टोक कानाशी नेऊन टकटकवलं.
"जड नको. दम लागलो काय
हीच दुप्पट लागता."

साडेआठशे. नोटांना
अजून सुरमईचा वास.
काकांनी न हुंगता गल्ल्यात टाकल्या.

पुळणीवरून शिंपला ढकलत घरी आले,
डावा हात वर, उजवा खाली,
त्यांनी दाखवला तसा.
खेकड्याच्या बिळाशी शिंपला अडला.
काठी उलटी करावी लागली.
मनगट फिरलं,
डावं.