पाठ बघून

दुपारी तीनलाच दुकानाच्या काचेबाहेर अंधार.
ओउलूतला डिसेंबर असाच,
दिवस दारात येतो, टोपी काढतो न काढतो, निघतो.
मी चार महिने पहाटे वर्तमानपत्रं टाकून
तीनशे दहा युरो साठवले होते
आणि मला तो हवा होता, काळाभोर,
कडेनं जांभळा उजेड वाहणारा.

आई राहेच्या पोलाद कारखान्यातून थेट आली,
बाह्यांना अजून वेल्डिंगचा वास.
"सोळा फेज," इल्मो म्हणाला,
खोक्यावरच्या आकड्यावर बोट आपटत,
"कितीही ताणा, हा धाप टाकणार नाही."
आईनं बोर्ड उचलला
आणि सरळ पालथा केला.

मी त्याची पाठ कधी बघितलीच नव्हती.
महिनाभर मी फक्त चेहरे बघत होतो.

"मोज," ती म्हणाली.
हीटसिंकच्या फटीतून, फोनच्या टॉर्चनं
मी काळे चौकोन मोजत गेलो. सोळा भरले.
"आता त्यांना हुकूम सोडणारा कोण ते बघ."
चिपवरचा नंबर मुंगीएवढा.
इल्मोनं तो पडद्यावर शोधला, आणि मान खाजवली.
त्या मुकादमाला आठच माणसं ठाऊक होती.
एकेक हुकूम मधोमध फाडून
दोघादोघांत वाटलेला.
"खोटं नाहीये ते," इल्मो म्हणाला.
"नाहीये," आई म्हणाली, आणि बोर्ड खोक्यात ठेवला.

मग ती माझ्याशी बोलली, म्हणजे
बोर्डांच्या रांगेकडे बघत बोलली:
केबल बारीक निघाली ना, तर आधी केबल तापते,
मग हातमोजा,
मग सांधा वरून चकचकीत, आतून कच्चा.
तो सांधा मग वर्षभरानं बोलतो,
आणि तेव्हा तू तिथे नसतोस.

आमच्या भाषेत मदरबोर्डला जो शब्द आहे
त्यातली आई माणसाची नव्हे.
गाईची, अस्वलिणीची, पिल्लं अंगाखाली घेणारीची.
हे मला शाळेपासून माहीत होतं.
त्या दिवशी कानाला लागलं.

खालच्या फळीवर एक होता, राखाडी,
उजेडबिजेड काही नाही,
हीटसिंक कोठाराच्या बिजागरीसारखं जड.
बारा फेज, बाराही आपापल्या हुकमाचे.
आईनं तळहातावर तोलला, कानाशी नेला
(का ते अजून कळलेलं नाही),
आणि मला दिला.
दोनशे अडतीस युरो.
घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

जानेवारीत पारा उणे चोवीसला गेला.
मी खिडकी सताड उघडली,
टेबल चौकटीला भिडवलं.
आई माझ्या पलंगावर, अंगात ओव्हरकोट,
डोक्यात लोकरीची टोपी, हातात कॉफी,
तिची नाइट शिफ्ट त्या दिवशी नव्हती.
पाच पूर्णांक चार. पाच पूर्णांक पाच. सहा.
सातला पडदा निळा झाला.
मी व्होल्टेज चढवलं. पुन्हा निळा.
आणखी चढवणार, तेवढ्यात तिनं
हीटसिंकच्या मागे बोट टेकवलं,
तान्ह्याचा ताप बघावा तसं,
आणि काढून घेतलं.
"उतर."
"एकदाच अजून."
"उतर, ओत्सो."

मी एक पायरी उतरलो.
मित्रांना सातच सांगायचं, असं मनात ठरवूनही टाकलं.
मग चाचणी लावली, तासाभराची,
आणि आकडे बघत बसलो:
एकसष्ट, एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट.
बर्फाचे बारीक कण खिडकीतून येऊन
कीबोर्डवर विरत होते.
तास संपला, मी दुसरा लावला.
आई टोपीसकट झोपून गेली होती,
कपातली कॉफी गारठून काळी,
पंख्याचा आवाज आणि तिचा श्वास
मधूनच एका लयीत यायचे, मधूनच सुटायचे.

खिडकी मी बोटभर ठेवून लावून घेतली.
गेम डाउनलोड होऊन पडला होता.
त्या रात्री तो उघडायचं राहूनच गेलं.