दुकान हललं

फोन आला की तो एवढंच म्हणतो,
"दुकान पुन्हा हललं."
मी लोकरी टोपी घालते
आणि बंदराकडच्या उतारावरून पाय जपत जाते.
पात्रेक्सफ्योर्दुरमधली बँकेची शाखा मिटली
तेव्हापासून ज्याचा कॉम्प्युटर अडतो
तो मला हाक मारतो.
तशी मी शाळेत गणित शिकवते.

स्टेनग्रिमुरच्या टेबलावर
वाळवलेल्या माशाचा तुकडा, लोण्यात उभा चाकू,
आणि साबणाच्या वडीएवढी काळी डिस्क.
तिच्यात त्याच्या बायकोचं दुकान आहे.
एकतीस वर्षांच्या खातेवह्या, पानन् पान स्कॅन केलेलं:
कुणी किती साखर नेली, कुणाच्या नावावर अजून
रबरी हातमोज्यांचे दोन जोड बाकी.

काल डिस्क ई होती.
आज त्यानं आधी नातीच्या कॅमेऱ्याचं कार्ड खुपसलं
आणि ई त्या कार्डानं बळकावलं.
दुकान एफवर जाऊन बसलं.
भाच्यानं कधीकाळी करून दिलेला हिशेबाचा प्रोग्राम
ईचं दार ठोठावतो,
आत वाढदिवसाचे फुगे बघतो,
आणि गप्प होतो.

"यंत्र आधी येईल त्याला खुर्ची देतं," मी सांगते.
"आपण नाव घालून ठेवलं, तरच जागा धरतं."

डिस्क मॅनेजमेंट उघडते.
निळ्या पट्ट्या. उजवी टिचकी. अक्षर बदला.
यादी खाली उलगडते.
ए आणि बी अजून मोकळी,
आता कधीच न येणाऱ्या फ्लॉप्यांसाठी
वाढून ठेवलेली दोन ताटं.
सी तर आमच्या मुळाक्षरांत नाहीच.
"आणि सगळं घर त्याच्यावर उभं?" तो हसतो.
"पाहुणा, आणि किल्ल्या त्याच्या कमरेला."

मग म्हणतो, "थॉर्न दे."

थॉर्न म्हणजे उभी काठी, मधोमध पोट.
तिच्यानं सुरू होतं तिचं नाव: थुरीदुर.
मी यादी खाली सरकवते, वर सरकवते,
जणू घाईत नजर चुकली असेल.
सव्वीस आहेत. आमची बत्तीस.
"नाही," मी म्हणते.
तो चाकूनं लोणी खरवडत राहतो,
माशाला न लावता.

"मग शेवटचं दे."
"झेड?"
"सेता," तो दुरुस्त करतो.

मला सेता कुणी शिकवलीच नाही.
माझ्या जन्माआधी, त्र्याहत्तर साली,
सरकारनं तिला लेखनातून काढलं.
आवाज स-चाच, मग दोन कशाला?
पोरं सुटली, शुद्धलेखनाचे गुण वाढले.
दुकानाच्या पाटीवर मात्र, दुकान ह्या शब्दातच,
ती होती.
पंचायतीचा माणूस येऊन सांगून गेला.
थुरीदुरनं शिडी आणली, वर चढली,
आणि सेतेला ताजा लाल रंग दिला.
फक्त तिलाच.

मी झेड निवडते.
यंत्र बजावतं:
ह्या अक्षरावर विसंबून असलेलं काही
कदाचित नीट चालणार नाही.
तो चष्मा पुसून दोनदा वाचतो.
"तसा मीही कुठे नीट चालतो," म्हणतो. "हो म्हण."

भाच्याच्या प्रोग्राममधली एक ओळ बदलायला
मला तास लागतो. त्याला कॉफी दोनदा करावी लागते.
मग आम्ही पारखून बघतो.
कार्ड आधी, डिस्क नंतर.
डिस्क आधी, कार्ड नंतर.
दोन्ही काढून, बंद करून, पुन्हा.
दुकान हलत नाही.

तो खुशीत एक वही उघडतो,
एकोणऐंशीचा नोव्हेंबर,
आणि काचेवर बोट टेकवतो.
रबरी हातमोजे, दोन जोड.
माझ्या आईचं नाव, तिच्या बापाच्या नावासकट.
मी पाकीट काढते.

"सुटे आहेत?" तो विचारतो.
"जुन्या क्रोनांत?"