रिकाम्या बसचं वजन

तीन दिवस, पाच गावं, फिलिपासकट तेरा बायका.
पत्रिकेवर छापलं होतं : महिला नेतृत्व, ग्रामीण विभाग.
मी नाव घातलं, कारण फी माफ होती
आणि गव्हाच्या कापणीला अजून सात आठवडे होते.

पहिल्या गावात बँकेच्या जागी आता केस कापतात.
तिजोरीच्या खोलीत टॉवेल वाळतात.
तिथल्या बाईने शाळेची बस चालू राहावी म्हणून
एकशे बारा पत्रं लिहिली होती.
एकशे बाराव्याला उत्तर आलं,
शाळाच बंद होणार असल्याचं.
फिलिपाने विचारलं, यातून आपण काय घेतो?
कुणी काही बोललं नाही.
कात्री चालूच होती.

दुसऱ्या दिवशी मिठाचं तळं.
वाऱ्याने ओठ फुटले.
जनेल म्हणाली, याचं नाव नकाशावर आहे ते नव्हे,
आणि आजीकडून आलेलं नाव तिने एकदाच उच्चारलं.
फिलिपा मार्कर घेऊन वळली,
तर म्हणाली, नको. लिहू नका.
पुन्हा ऐकायचं असेल तर पुन्हा या.

रात्री मोटेलच्या पायरीवर न्यायोल पाय चोळत होती.
ती कत्तलखान्यात छत्तीस जणांची पाळी लावते,
कुणाचं बाळ आजारी, कुणाचा उपास, कुणाचा नवरा कसा,
सगळं तोंडपाठ.
फॉर्मवर ‘पद’ या रकान्यात तिने लिहिलं होतं : कामगार.
मी खोडायला सांगितलं नाही.
माझ्याही फॉर्मवर तो रकाना कोराच होता.

तिसऱ्या दिवशी माझं गाव.
दाखवण्यासारखं काय, तर धान्याचे चार कोठार-मनोरे,
सांडलेल्या गव्हावर भांडणारे गुलाबी काकाकुवे,
आणि काटा.
बावीस वर्षं मी या काट्याच्या खिडकीत बसते.
भरला ट्रक येतो, रिकामा जातो,
मधला फरक म्हणजे एका घराचं वर्ष.
मापात पाप करायचं नाही,
एवढं एकच मला येतं. त्याला काय म्हणतात
ते तीन दिवसांत कळलं नाही.

मी ड्रायव्हर बेलिसला म्हटलं, घाल बस काट्यावर.
आतून ओरडा झाला, आकडा मोठ्याने सांगू नकोस गं!
भरलेली : सात हजार दोनशे चाळीस.
मग सगळ्या उतरल्या, हसत, जाकिटं सावरत.
रिकामी : सहा हजार चारशे चाळीस.
आठशे किलो नेतृत्व, फिलिपा म्हणाली,
आणि टाळ्या वाजल्या.

मी मनात बाराने भागलं.
सदुसष्टही भरेना.
खिडकीतून एकेकीकडे पाहिलं.
बावीस वर्षांची नजर आहे,
या बायका सदुसष्टच्या नव्हेत.

मोजल्या. अकरा.

मागच्या सीटवर ओडेट होती.
तीन दिवसांत जेमतेम दहा वाक्यं बोललेली,
चर्चेत नेहमी ‘पुढे जा’ म्हणणारी.
काचेला कपाळ टेकून भावाशी फोनवर बोलत होती.
दार उघडं होतं, ऐकू आलं :
नाही. सही करणार नाही.
वडिलांनी पाणी सोडलं तेव्हा दारं धरायला मी होते, तू नव्हतास.
नाही रे. ओरड हवं तेवढं.
नाही.

आवाज इतका हळू की काटा हलला नसता.

नियम असा आहे की चुकीची पावती फाडायची,
दोन्ही प्रती, आणि वहीत कारण लिहायचं.
पावतीवर छापलं होतं : वाहन रिकामे.
मी वहीत काही लिहिलं नाही.
बावीस वर्षांत पहिल्यांदा.

फिलिपा खिडकीशी आली, विचारलं,
समारोपाला दोन शब्द बोलशील?
म्हटलं, हा काटा गव्हाचा आहे,
वीस किलोच्या खाली त्याला कळत नाही.
सभागृहात चहा निवतोय, चला तुम्ही.
मी थांबते,
अजून एकजण उतरायची आहे.