माझ्यापलीकडे कोणीतरी

सूर्य म्हणजे ट्रॅक्टरचं जुनं चाक,
पिवळं रंगवून शाळेच्या फाटकाला टांगलेलं.
व्यास म्हणे एक मीटर.
लिनेओने तीनदा मोजला, तिन्ही वेळा आकडा वेगळा.
मापुलेंग बाई म्हणाल्या, तिन्ही लिही.
खोडायचं काही नाही.

मग त्यांनी पिशवीतून ग्रह वाटले.
ज्वारीचा दाणा बुधाला,
एक वाटाणा शुक्राला, एक आपल्याला.
थाबिसोच्या तळहातावर पृथ्वी,
पृथ्वीवर लेसोथो, लेसोथोत हा डोंगर,
डोंगरावर तळहात पसरून उभा थाबिसो.
एरवी वर्गात ठरत नाही तो,
त्या दिवशी श्वाससुद्धा जपून घेत होता.

मला आणि न्थाटुओआला एकेक कच्चं पीच,
हिरवं, लव असलेलं.
मी युरेनस. ती नेपच्यून.
हजेरीतही आम्ही असेच शेवटचे.

पृथ्वी दीडशे पावलांवर थांबली, दुकानाच्या सावलीत.
गुरूला सोडलं नदीच्या उतारावर.
शनी चर्चच्या पायरीशी,
त्याचं पुठ्ठ्याचं कडं वाऱ्याने पळवलं
आणि तो कड्यामागे धावला.
पुढे नुसता रस्ता.
पुस्तकातल्या चित्रात ग्रह एका बाकावर बसल्यासारखे दाटीवाटीने असतात;
हा एवढा रस्ता त्यात कोणी काढलेला नव्हता.

बाईंनी फळ्यावर गणित करून दाखवलं होतं:
या मापात प्रकाश चालतो
आमच्या लंगड्या मेंढीपेक्षाही सावकाश.
म्हणजे त्या दुपारी आम्ही दोघं
प्रकाशाला मागे टाकून चाललो होतो,
फाटक्या बुटांनी, शेळ्यांच्या लेंड्या चुकवत.

मामाच्या गोठ्यापाशी माझी जागा आली.
न्थाटुओआ थांबली नाही.
तिची घोंगडी खिंडीकडे चढत गेली,
आधी घोंगडी, मग ठिपका, मग धुकं.

मी एकटा. भूक लागली.
ग्रहाचा एक लचका तोडला. दात आंबले.
तरी संपवला.

शिट्टी वाजली: परत या.
निरोप ज्याने त्याने आपल्या पलीकडच्याला द्यायचा, असं ठरलेलं.
मी खिंडीकडे तोंड करून ओरडलो,
एकदाच.
वारा, त्यात गारा सुरू झाल्या,
आणि मी पळालो.

वर्गात पत्र्यावर ताशा वाजत होता.
बाई सांगत होत्या,
नेपच्यून दिसण्याआधीच कागदावर सापडला.
युरेनस हिशेबात होता तिथे नव्हता,
जरासा ओढला जात होता,
म्हणून कोणीतरी विचारलं, याला ओढतंय कोण?

माझी मान खिडकीकडे वळत होती.
सरळ बसलो. पुन्हा वळली.
बाई बोलता बोलता थांबल्या,
माझ्याकडे पाहिलं, मागच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं,
आणि खडू हातात तसाच ठेवून
पावसात निघाल्या.

खिंडीत ती सापडली, खडकाच्या आडोशाला,
ओठ निळे, पीच शाबूत, वही पोटाशी.
बाई तिला काही बोलल्या नाहीत,
आपली घोंगडी काढून तिच्याभोवती गुंडाळली
आणि वही उघडली.

दोन दहा: सूर्य दिसतो. टिंब. गोल आहे की नाही, सांगता येत नाही.
दोन पंचवीस: दिसत नाही.
दोन चाळीस: दिसत नाही. गारा.
तीन: दिसत नाही. दिशा माहीत आहे.

ती ओळ बाईंनी दोनदा वाचली.
मी चिखलाकडे पाहत उभा.

उतरताना न्थाटुओआने विचारलं, तुझा ग्रह कुठाय?
खाल्ला, म्हणालो.
ती थांबली.
थरथरत्या बोटांनी पेन्सिल काढली
आणि भिजल्या पानावर लिहिलं:
युरेनस खाल्ला गेला. नक्की वेळ
निरीक्षकाने नोंदवलेली नाही.