पाणी देणारे

डेट्रॉइटच्या पूर्वेला, नदीकाठच्या कारखान्यात
वडील पोलादाला पाणी द्यायचे.
भट्टीपुढे गोणपाटाचा पडदा,
आत ते, सांडशी आणि एक पिंप.
पिंपात काय आहे, आईलासुद्धा ठाऊक नव्हतं.
झाकली मूठ सव्वा लाखाची;
आमच्या घरात आठवड्याला अठरा डॉलरची.

मग त्या जानेवारीत बर्फावर
एका गाडीच्या पुढच्या चाकांचा आस तुटला.
चालवणारा एमेट टटल, वय तेवीस.
तुटल्या जागी साखरेसारखे जाड, चमकते दाणे :
फार तापलेल्या पोलादाची खूण.
आस कुणाच्या भट्टीतला, कुणी बोललं नाही.
दफनाला आठ कारखान्यांचे पाणी देणारे आले,
एकमेकांकडे न बघता,
सगळ्यांच्या भुवया सारख्याच होरपळलेल्या.

फाटकापाशी पेनहॅलोनं विचारलं,
"वोय्तासिक, तू लाल म्हणतोस तो कुठला लाल?"

त्या गुरुवारी कोळशाच्या वखारीच्या माडीवर
आठ जण बसले.
मी तेरा वर्षांची. इंग्रजी लिहिता यायचं,
म्हणून वही माझ्याकडे.
पहिला अर्धा तास वहीत काहीच नाही.
मग लुंडग्रेन म्हणाला, चेरीसारखा लाल.
कुठली चेरी? त्याच्या गावची आंबट?
बाजारातली? की डब्यात सुकलेली?
आठ माणसं, आठ चेऱ्या.
मी सगळ्या लिहिल्या.

वडिलांनी उठून मूठ उघडली.
मीठ. जाडं, स्वयंपाकघरातलं.
पेनहॅलो इतका हसला की त्याला ठसका लागला :
त्याच्याही पिंपात तेच,
सव्वीस वर्षं, पडद्याआड.

वर्गणी माणशी पन्नास सेंट.
मंडळाचं नाव ठरायला तीन गुरुवार गेले,
पण खरेदी त्याच रात्री ठरली :
आगीचा ताप मोजणारं यंत्र, काट्याचं,
पाळीपाळीनं न्यायचं.
पहिला हात वडिलांचा वर.
यंत्रांचा त्यांना किती तिटकारा, सगळे जाणून होते.

घरी येताना त्यांनी माझा खांदा धरला.
निसरडं आहे म्हणून, असं मला वाटलं.
कोपऱ्यावरच्या दिव्याखाली थांबून म्हणाले,
"तुझी ही टोपी कुठल्या रंगाची गं?"

लाल, मी म्हटलं.

ते बराच वेळ टोपीकडे बघत राहिले.

मंडळाच्या छापील इतिहासात मिठाची गोष्ट आहे.
पुढच्या गुरुवारची नाही :
वडील उभे राहिले, टोपी हातात घेऊन,
आधी आपल्या डोळ्यांबद्दल बोलले,
मग एमेट टटलबद्दल.
मी लिहून घेतलं.
त्या पानावर अक्षर वाईट आहे.